इंडक्शन शेगडी आणि आपली भांडी : आधी तपासा, मग विकत घ्या



आपल्या वस्त्यांत आता बऱ्याच घरांत गॅसच्या शेजारी एक सपाट काचेची शेगडी दिसते. कुणाला ती लग्नात आहेर म्हणून आलेली असते, कुणी हप्त्यावर घेतलेली असते. सिलिंडर महिन्याच्या मधेच संपला तर अडायला नको, हा त्यामागचा साधा विचार असतो. शेगडी घरी येते, रोजचे पातेले तिच्यावर चढते, शेगडी टीं-टीं वाजते आणि बंद पडते. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर शेगडी पोटमाळ्यावर जाते, नाही तर दुकानदाराच्या सांगण्यावरून पाच-सात भांड्यांचा अख्खा सेट घरात येतो. दोन्हींत नुकसान आपलेच आहे.

आरोग्य पानासाठी या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. सांगायचे ते थोडक्यात आधीच सांगतो. बहुतेक घरांना नव्या सेटची गरज नसते. घरात आहेत ती भांडी लोहचुंबकाने तपासा, नड असेल तेवढी दोन-तीनच भांडी घ्या आणि जो पैसा वाचेल तो स्वयंपाकाच्या जागेच्या वायरिंगवर खर्च करा. हे असे का, ते पुढे सविस्तर वाचा.

आरोग्याच्या पानावर भांडी कशाला?

कारण चूल आणि छाती यांचा संबंध जवळचा आहे. लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल यांच्या धुरामुळे घरातली हवा दूषित होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात अशा घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. गॅस आल्यावर धूर गेला, पण ज्या खोलीला एकच दार आहे आणि खिडकी नाही, तिथे गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायूसुद्धा कोंडून राहतात. दमेकरी, लहान मूल आणि गरोदर बाई यांना त्याचा त्रास अधिक होतो.

इंडक्शन शेगडीला ज्योत नाही, त्यामुळे जळणाचा धूर नाही. फोडणीचा धूर मात्र होतोच, म्हणून दार-खिडकी उघडी ठेवायची सवय सोडू नये. कोंदट खोलीत ही शेगडी उपयोगाची आहे, पण ती चालते भांड्याच्या जिवावर आणि विजेच्या तारेच्या जिवावर. ही दोन्ही नीट नसतील तर सोय व्हायच्या ऐवजी धोका होतो.

शेगडी तापत नाही, भांडे तापते

गॅसवर ज्योत तापते आणि ती भांड्याला उष्णता देते. इंडक्शनमध्ये तसे होत नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. शेगडीच्या आतले यंत्र तिचे रूपांतर सेकंदाला वीस-तीस हजार आवर्तने घेणाऱ्या विजेत करते. ही वीज वेटोळ्यातून गेली की वर चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात लोखंडी बुडाचे भांडे आले की बुडातच विजेचे भोवरे फिरू लागतात आणि बूड स्वतः तापते. काच गरम होते ती भांड्यामुळे, उलटे नाही.

म्हणून या शेगडीला भांड्याच्या बुडात लोहचुंबकाला चिकटणारा धातू लागतो. अ‍ॅल्युमिनियम, तांबे, पितळ, काच आणि माती यांना चुंबक चिकटत नाही, म्हणून साध्या घरगुती इंडक्शनवर ही भांडी तापत नाहीत. शेगडी वाजून बंद होते ती बिघडली म्हणून नव्हे. "वर योग्य भांडे नाही" एवढेच ती सांगत असते.

बाजारात तशीच दिसणारी दुसरी एक शेगडी मिळते, तिला इन्फ्रारेड शेगडी म्हणतात. तिच्या आतली तार लालबुंद होते आणि काच स्वतः तापते. तिच्यावर सपाट बुडाचे कोणत्याही धातूचे भांडे चालते, पण बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते आणि उष्णता जास्त वाया जाते. घेताना आपण नक्की कोणती शेगडी घेत आहोत, हे खोक्यावर वाचून घ्यावे.

घरातली भांडी कशी तपासावीत?

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना जे सांगितले ते आपण विहारात अनेकदा ऐकले आहे. परंपरेने आले म्हणून, कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. भांड्यांच्या बाबतीतही तेच करा. दुकानदाराचे ऐकून नको आणि आमचे वाचूनही नको. हातात लोहचुंबक घ्या आणि पाहा. जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधले चुंबक सगळ्यात चांगले. ते नसेल तर कपाटाच्या दाराचे किंवा फ्रीजवर लावायचे चुंबकही चालेल.

पहिली तपासणी चुंबकाची. भांडे पालथे घाला आणि चुंबक बुडाला लावा. भांड्याच्या कडेला लावून पाहू नका, कारण पुष्कळ भांड्यांत कडेचे पत्रे एका धातूचे आणि बूड दुसऱ्या धातूचे असते. चुंबक बुडाच्या मध्यभागी आणि काठाजवळ, दोन्हीकडे लावा. ओढून काढावे लागेल इतके घट्ट चिकटले तर भांडे चालेल. जेमतेम चिकटले आणि सहज घसरले तर ते तापायला वेळ घेईल किंवा शेगडी ते ओळखणारच नाही. चिकटलेच नाही तर ते भांडे गॅससाठी बाजूला ठेवा.

दुसरी तपासणी सपाटपणाची. मुलांच्या दप्तरातली फूटपट्टी उभी करून बुडावर आडवी ठेवा. पट्टीखालून उजेड दिसला तर बूड खोलगट किंवा फुगीर आहे. काचेवर ठेवल्यावर जे भांडे भोवऱ्यासारखे फिरते ते उपयोगाचे नाही. गोल बुडाची कढई लोखंडाची असली तरी तिचा जेमतेम एक ठिपका काचेला टेकतो, त्यामुळे ती नीट तापत नाही आणि कलंडण्याची भीती असते.

तिसरी तपासणी बुडाच्या रुंदीची. बहुतेक शेगड्यांना किमान १२ सेंटीमीटर रुंद बूड लागते. चहाचे छोटे भांडे लोखंडी असूनही चालत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते. फार मोठे बूडही सोयीचे नाही. वेटोळ्याच्या बाहेर गेलेला भाग कोमट राहतो. मध्ये भात करपतो आणि कडेला कच्चा राहतो. काचेवर आखलेल्या गोलाएवढे बूड सर्वात चांगले.

चौथी तपासणी पाण्याची. चुंबक चिकटले तरी पूर्ण बूड सारखे तापते का, ते पाहायचे. भांड्यात बोटभर पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. सगळीकडून आले तर बूड चांगले. फक्त मधूनच आले तर आतली लोखंडी चकती लहान आहे. अशा भांड्यात खीर, पिठले, दूध बुडाला लागणार.

कोणती भांडी चालतात, कोणती नाहीत?

स्टील : इथेच सर्वात जास्त फसगत होते. "स्टील आहे ना, मग चालणारच" असे म्हणता येत नाही. स्टीलमध्ये निकेल पुरेसे मिसळले की त्याचे चुंबकत्व जाते. ज्या उंची स्टीलवर १८/८ असे लिहिलेले असते, त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते गंजत नाही, टिकते, पण एकट्याने इंडक्शनवर चालत नाही. उलट ४३० नंबरच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसते, त्याला चुंबक चिकटते. म्हणून चांगल्या इंडक्शन भांड्यांत आतला थर अन्नाला सोसणाऱ्या स्टीलचा, मधला थर उष्णता पसरवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमचा आणि बाहेरचा थर चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा असतो. दुकानात याला ट्रायप्लाय म्हणतात.

लोखंड आणि बीड : दोन्ही उत्तम चालतात, फक्त बूड सपाट हवे. बिडाचे भांडे जड असते, उशिरा तापते आणि तापलेले बराच वेळ राहते. ते काचेवर ओढू नये, उचलून ठेवावे, नाही तर काचेला चरे पडतात. सुरुवात मंद आचेवर करावी. एकदम पूर्ण आच दिली तर बीड तडकू शकते.

अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे आपण ज्यांना जर्मनची भांडी म्हणतो ती : साधे टोप आणि साधे कुकर चालत नाहीत. बुडाला स्टीलची चकती दाबून बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर मात्र मिळतो आणि तो चालतो. अशा भांड्यांच्या बुडावर किंवा खोक्यावर आडव्या वेटोळ्यासारखे चिन्ह असते.

तांबे, पितळ, माती : चालत नाहीत. पण म्हणून ती मोडीत घालायची घाई करू नका. हा मुद्दा नुसत्या पैशाचा नाही.

भांड्यामागचा इतिहास

बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावची हकिकत नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या सुस्थितीतल्या काही अस्पृश्य कुटुंबांतील स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली. अस्पृश्यांनी धातूचे भांडे वापरावे हाच तिथल्या सवर्णांना आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांना मारहाण केली.

आपल्या घरात फळीवर मांडलेला पितळी हंडा, आजीच्या नावाची अक्षरे कोरलेला डबा, तांब्याची घागर यांच्याकडे या नजरेने पाहा. एका पिढीने ती हक्काने आणि कष्टाने घरात आणली आहेत. शेगडी दहा वर्षांत जुनी होईल, ही भांडी राहतील. मोड देऊन त्या बदल्यात पातळ पत्र्याचा चकचकीत सेट घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. गॅसवर किंवा पाणी साठवायला ती वापरा. पितळी भांड्यात शिजवायचे असेल तर कल्हई असलीच पाहिजे. कल्हई उडालेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात आमटी, ताक, चिंच असे आंबट ठेवले तर तांबे अन्नात उतरते आणि मळमळ, उलट्या होतात.

काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने?

चार-पाच माणसांच्या घराला इंडक्शनसाठी तीन भांडी पुरतात. तीही एकदम घेण्याची गरज नाही.

१. कुकर. डाळ, भात, कडधान्ये यांना सर्वात जास्त इंधन लागते, म्हणून पहिला खर्च इथे करावा. पाच लिटरचा, इंडक्शन बुडाचा कुकर घ्यावा. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २३४७ हा क्रमांक पाहूनच घ्यावा. रबर, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वस्तीजवळच्या दुकानात मिळतात का, हे आधी विचारावे. कुकर पूर्ण आचेवर ठेवावा आणि वाफ धरली की आच कमी करावी.

२. जाड, सपाट बुडाचे पातेले. दोन ते तीन लिटरचे, झाकणासह. चहा, दूध, भाजी, पिठले सगळे यात होते. हातात घेतल्यावर बूड जड वाटले पाहिजे. पातळ पत्र्याचे बूड दोन-चार महिन्यांत तापून वाकते आणि मग ते काचेवर डुगडुगते.

३. सपाट तवा किंवा सपाट बुडाची लोखंडी कढई. आपला नेहमीचा भाकरीचा तवा थोडा खोलगट असतो, तो इंडक्शनवर नीट बसत नाही. डोशाचा सपाट बिडाचा तवा बसतो. त्यावर भाकरी होते, पण ज्योतीवर टम्म फुगते तशी फुगत नाही. शेवटी फडक्याने काठ दाबत, फिरवत फुगवावी लागते. ज्यांना रोज दहा-बारा भाकऱ्या थापायच्या आहेत त्यांनी भाकरी, पापड आणि वांगे भाजणे गॅसवरच ठेवावे. डाळ-भात, चहा, दूध, अंडी इंडक्शनवर आणि भाकरी गॅसवर, अशी वाटणी केली तरी सिलिंडर बरेच दिवस पुरतो.

आता काय घेऊ नये तेही सांगतो. जुनी भांडी चालवण्यासाठी काचेवर ठेवायची लोखंडी चकती विकतात. त्यात आधी चकती तापते, मग तिच्यावरचे भांडे. वीज वाया जाते आणि अति तापलेल्या चकतीने काच व आतले यंत्र बिघडू शकते. पातळ नॉनस्टिकच्या सेटपासूनही सावध राहा. इंडक्शनवर रिकामे भांडे बघता बघता तापते. नॉनस्टिकचा लेप २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की बिघडू लागतो आणि त्याचे वायू छातीला चांगले नाहीत. घरात नॉनस्टिक असेलच तर ते रिकामे तापवू नये, आच मध्यम ठेवावी आणि लेप निघू लागला की भांडे बाद करावे.

लोखंडी कढई आणि रक्त

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. देशाचे प्रमाण ५७ टक्के आहे. म्हणजे आपल्या गल्लीत दर दोन बायांमागे एकीचे रक्त कमी असण्याची शक्यता आहे. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात, विशेषतः टोमॅटो, लिंबू, चिंच घातलेल्या ओलसर भाजीत, थोडे लोह उतरते. म्हणून इंडक्शनसाठी तिसरे भांडे लोखंडाचे घेतले तर त्याचा हा एक जादा फायदा आहे.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कढई ही औषधाची जागा घेत नाही. आरोग्य केंद्रातून दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात. दोन, भाजी शिजली की स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावी. कढईतच राहिली तर ती काळी पडते आणि लोखंडाची चव येते. तीन, सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच साठत असते. अशा घरांनी लोखंडी भांड्यांबाबत आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

लोखंडी कढई घासल्यावर लगेच पुसावी, मंद आचेवर कोरडी करावी आणि तेलाचा हात फिरवून ठेवावी, म्हणजे गंजत नाही.

जर्मनच्या भांड्यांविषयीही लोक विचारतात. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण आंबट पदार्थ त्यात शिजवून तसेच ठेवू नयेत. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी अधिक जपावे, कारण शरीरात गेलेले अ‍ॅल्युमिनियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते.

वाचलेला पैसा तारेवर घाला

आता सर्वात महत्त्वाचा भाग. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. मोबाइल आणि टीव्हीसाठी बसवलेला साधा छोटा प्लग एवढ्या भारासाठी नसतो. त्यातच मल्टिप्लग लावून फ्रीज, मिक्सर आणि शेगडी एकत्र चालवली तर तार आतल्या आत तापते. प्लग गरम लागणे, प्लास्टिकचा जळका वास येणे, दिवा मंद होणे या खुणा दिसल्या तर शेगडी लगेच बंद करा. एकाला एक भिंत लागून असलेल्या घरांत एका घरातली ठिणगी अख्ख्या गल्लीची होते.

यासाठी जाणत्या वायरमनकडून एवढी कामे करून घ्यावीत : शेगडीसाठी १६ अँपिअरचा वेगळा, मोठ्या भोकांचा प्लग, त्याला मीटरपासून सरळ आलेली किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, एमसीबी, आणि चालू अर्थिंग. पुष्कळ घरांत प्लगला तीन भोके असतात, पण तिसऱ्या भोकामागे तारच जोडलेली नसते. अर्थिंग नसेल आणि शेगडीत बिघाड झाला तर स्टीलच्या भांड्याला हात लावताच झटका बसू शकतो. नुसत्या झिणझिण्या आल्या तरी शेगडी वापरणे थांबवा. जमल्यास ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळू लागली की ते प्रवाह तोडते.

वीजबिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो तोही पाहा. तो कमी असेल तर वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज करून वाढवून घ्यावा. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाशी आधी बोलून घ्यावे. शेजाऱ्याच्या किंवा आकड्याच्या विजेवर ही शेगडी कधीही चालवू नये.

बिलाचा हिशेब

एक लिटर पाणी उकळायला इंडक्शनवर साधारण एक दशांश युनिट वीज लागते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरएवढा सगळा स्वयंपाक इंडक्शनवर करायचा तर ढोबळमानाने १२० ते १४० युनिट लागतील. आपल्या बिलावरच्या एका युनिटच्या एकूण दराने या आकड्याला गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहा. हिशेब प्रत्येक घराचा वेगळा येईल, कारण महाराष्ट्रात घरगुती विजेला १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० युनिटपर्यंत त्याहून चढा दर लागतो.

उदाहरण घ्या. एका घरात महिन्याला ८० युनिट वीज लागते. इंडक्शन सरासरी १२०० वॅटवर रोज एक तास चालवली तर महिन्याला ३६ युनिट वाढतील आणि एकूण ११६ होतील. म्हणजे १६ युनिट चढ्या दराने जातील. एवढे बहुतेकांना परवडते. पण जे घर आधीच १०० च्या वर आहे, त्याचे सगळे ३६ युनिट चढ्या दराचे होतील. घरमालकाच्या पोटमीटरवर असाल तर तो युनिटला काय दर लावतो ते विचारून मगच ठरवा. वाकड्या बुडाचे भांडे आणि चकती यांत जी वीज वाया जाते ती याच बिलात येते.

रोजची काळजी

शेगडी गॅसच्या शेगडीवर, लोखंडी टेबलावर किंवा वर्तमानपत्रावर ठेवू नये. तिच्या खालून आणि बाजूने हवा जायला हवी. स्वयंपाक झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नये. फोडणी करताना भांडे रिकामे तापवायला ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये. तेल गॅसपेक्षा लवकर धूर सोडते. भांडे उचलल्यावरही काच गरम असते, लहान मुलांना जपावे. काचेला तडा गेला तर शेगडी वापरू नये, कारण पाणी आत जाऊन झटका बसू शकतो. आंघोळीचे पाणी तापवायला भरलेला मोठा हंडा काचेवर ठेवू नये. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे आणि चालू शेगडीपासून साधारण दोन फूट अंतर राखावे.

आणखी एक. हे पान ताईंनीच वाचायचे, असे समजू नका. भांडी, शेगडी आणि वीजबिल हे घरातल्या सर्वांचे काम आहे. चुंबक लावून भांडी तपासण्याचे काम मुला-मुलींना द्या. विज्ञानाच्या पुस्तकातला चुंबकाचा धडा त्यांना घरातच समजेल.

आमची एक सूचना आहे. वर्षावासात ग्रंथवाचनासाठी किंवा पौर्णिमेच्या वंदनेसाठी आपण विहारात जमतोच. त्यातल्या एका दिवशी वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. प्रत्येकीने घरातली दोन भांडी आणावीत, एक चुंबक आणि एक फूटपट्टी ठेवावी आणि सर्वांनी मिळून तपासावे. वस्तीतल्या एखाद्या वायरमन बंधूला बोलावून घरोघरच्या प्लगचे अर्थिंग पाहून घ्यावे. ज्या घरात अर्थिंग नाही त्या घरांची यादी करून तिथले काम आधी करून घ्यावे, नवे भांडे त्यानंतर. ज्या ताईंकडे इंडक्शन कुकर आहे त्यांनी तो तिथे लावून दाखवावा, म्हणजे घेणाऱ्यांना दुकानात जाण्याआधीच कळेल.

जय भीम. नमो बुद्धाय.